कोळ्याची भीती, विंचवाचा डंख

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टी संपायला पाच दिवस उरलेले असताना, झाशीत पहिला मोठा पाऊस पडला. आमचे घर सीपरी बाजारात आहे. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. पाऊस पडल्यामुळे त्या रात्री मी अंगणात न झोपता व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली पुस्तक वाचत पडलो होतो. मानेवर काहीतरी वळवळले म्हणून हाताने चिरडले आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेवर बोटभर लांब लाल पट्टा उठला, त्यावर बारीक फोड आले आणि तिथे तिखट लागल्यासारखी आग होऊ लागली.

शेजारच्या काकींनी लांबूनच निदान केले, "मकड़ी मूत गई है, बेटा." त्यावर उपाय म्हणजे आमचूर वाटून लावायचा. आजीने लगेच आमचुराचा डबा काढला. आजीचे म्हणणे असे की तिच्या लहानपणापासून सगळ्यांना आमचूरच लावत आले आहेत आणि सगळे बरे झाले आहेत.

ड्यूटीवरून परत आलेल्या माझ्या आत्याने तो डबा परत फडताळात ठेवला. ती स्टाफ नर्स आहे. तिने मानेकडे पाहिले आणि विचारले, "काल रात्री दिव्याखाली बसला होतास का? काही चिरडलंस का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग बिचाऱ्या कोळ्याला कशाला नाव ठेवता?"

हे वाचताना आमच्या हाउसमधल्या मुलांना गेल्या वर्षीचा ऑगस्ट आठवेल. तेव्हा आठवड्याभरात आमच्यातल्या सात-आठ जणांच्या मानेवर, गालावर, कोपराच्या आतल्या बाजूला असेच पट्टे उठले होते. सगळ्यांनी एकमताने कोळ्याला दोषी ठरवले. रविवारी सकाळी झाडू, बांबू घेऊन संपूर्ण डॉर्मिटरीतली जाळी काढली, दिसेल तो कोळी मारला. हाउस कॅप्टनने तपासणी करून समाधान व्यक्त केले. पुढच्या आठवड्यात आणखी चार जणांना पट्टे उठले. खिडक्या रात्री उघड्या होत्या आणि अभ्यासाच्या वेळी दिवे जळत होते, तिकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

हे काम एका किड्याचे असते. पेडेरस नावाचा हा भुंग्यांच्या कुळातला छोटा कीटक. लांबी जेमतेम 7 ते 10 मिलिमीटर, दिसायला मुंगीसारखा लांबट, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, पाठीवर निळसर चमक असलेले आखूड पंख. शेतात आणि ओलसर गवतात राहतो, पिकावरची कीड खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पाऊस पडला की रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचे विष असते आणि आपण त्याला कातडीवर चिरडले की ते तिथे पसरते. गंमत अशी की हे विष तो किडा स्वतः तयारच करत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू करतात. परिणाम लगेच दिसत नाही, साधारण एका दिवसाने दिसतो. म्हणून रात्रीचा किडा विसरला जातो आणि सकाळी भिंतीवर दिसलेला कोळी लक्षात राहतो. पट्टा लांबट का उठतो, तर आपण हात ओढून किडा पुसतो म्हणून. कोपराच्या घडीत समोरासमोर दोन सारखे डाग उठतात, कारण घडी मिटली की एका बाजूचे विष दुसऱ्या बाजूला लागते.

उपाय सोपा आहे. किडा अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून किंवा कागदाने उडवायचा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण आणि पाण्याने धुवायची, आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही. डोळ्याला लागले तर फार त्रास होतो. फोड आले तर थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन लोशन. जास्त असेल तर डॉक्टर मलम देतात. दोन-तीन आठवड्यांत बरे होते, काळसर डाग मात्र काही दिवस राहतो. माझा अजून आहे. आमचुरामुळे बरे झाल्यासारखे वाटते, कारण ते काहीही न लावता बरे होणारच असते. उलट फुटलेल्या फोडावर आंबट लेप लावला तर आग वाढते आणि जखम पिकू शकते.

मग कोळी चावतच नाही का? चावतो, पण क्वचित. जगात कोळ्यांच्या 50,000 पेक्षा जास्त जाती आहेत. जवळजवळ सगळ्यांना विष असते, कारण त्यांना माशी किंवा झुरळ पकडून लुळे करायचे असते. ते विष त्या आकाराच्या भक्ष्यासाठी आहे. बहुतेक कोळ्यांचे दात आपली कातडी भेदण्याइतके लांबही नसतात. घरात भिंतीवर तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी दिसतो आणि बघताबघता सरसर पळतो, त्याला बघून आमच्याकडे भलेभले कॅडेट कॉटवर चढतात. तो जाळे न विणता झुरळांची शिकार करतो. त्याला पकडायला गेलात तर स्वसंरक्षणासाठी चावेल, मधमाशी चावल्यासारखे दुखेल आणि एक-दोन दिवसांत थांबेल.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले एक उदाहरण मला फार आवडले. तिथे ब्राउन रिक्लूज नावाचा खरोखर विषारी कोळी आहे. त्याच्या चाव्याने काही वेळा कातडी मरून काळी पडते. एका घरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने आणि अभ्यासकांनी मिळून सहा महिन्यांत हे कोळी पकडून मोजले. संख्या भरली 2,055. कुटुंब तिथे कित्येक वर्षे राहत होते आणि एकालाही कोळी चावल्याची नोंद नव्हती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनाही असे आढळले आहे की लोक "कोळी चावला" म्हणून जी जखम घेऊन येतात ती पुष्कळदा जिवाणूंमुळे झालेले गळू असते. मुद्दा महत्त्वाचा आहे. गळवाला अँटिबायोटिक लागते. कोळ्यावर खापर फोडून बसले की खऱ्या आजाराचे औषध राहून जाते. कंबरेभोवती किंवा छातीच्या एकाच बाजूला फोडांची रांग उठते ती नागीणसुद्धा काही जण कोळ्याच्या नावावर घालतात. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते.

तरीही भारतात काही कोळी जपून राहण्यासारखे आहेत. ब्लॅक विडोच्या कुळातले कोळी आपल्याकडे तुरळक सापडतात. चकचकीत काळी, वाटोळ्या पोटाची मादी दगडाखाली किंवा अडगळीत वेडेवाकडे जाळे करून बसते. तिचे विष मज्जातंतूंवर काम करते. चावल्याची जागा सुरुवातीला फारशी दुखत नाही, पण तासाभरात पाय, पोट, पाठ यांत गोळे येतात, घाम सुटतो, रक्तदाब वाढतो. माणूस हैराण होतो, पण दगावणे फार दुर्मिळ. ऑस्ट्रेलियात याच कुळातला रेडबॅक कोळी घराघरात आहे. त्यावर 1956 पासून तिथे प्रतिविष मिळते. भारतात कोळ्याच्या विषावरचे प्रतिविष तयार होत नाही, म्हणून इथे वेदनाशामक, स्नायू सैल करणारी औषधे आणि दवाखान्यात देखरेख हाच उपचार. दुसरा प्रकार म्हणजे केसाळ टॅरँटुला. सह्याद्रीच्या जंगलातही झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या यांच्या सुंदर नक्षीच्या जाती आहेत. त्यांच्या चाव्याने जोरदार गोळे येतात, कधी ते काही दिवस येत राहतात. ट्रेकला गेल्यावर ढोलीत हात घालायची हौस असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

2012 साली मे महिन्यात आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात कोळ्यांचा सुळसुळाट झाल्याच्या आणि चाव्यामुळे दोन माणसे दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. नंतर तज्ज्ञ तिथे गेले. तो कोळी नेमका कोणता आणि मृत्यू त्याच्याच विषाने झाले का, हे ठरवता आले नाही. पण एक गोष्ट बातम्यांतच होती. चावलेली माणसे आधी मांत्रिकाकडे गेली होती आणि त्याने विष काढण्यासाठी जखमेवर ब्लेडने चिरा दिल्या होत्या. आत्याला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "कोळ्याचं विष माहीत नाही, पण त्या ब्लेडचं विष मला माहीत आहे."

तेव्हा कोळी चावल्याची खात्री असेल तर करायचे ते एवढेच. जागा साबण-पाण्याने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटे शेका, हात किंवा पाय उंचावर ठेवा, दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, धनुर्वाताची सुई राहिली असेल तर घ्या. चिरू नका, तोंडाने चोखू नका, घट्ट बांधू नका, चुना किंवा रॉकेल लावू नका. अंगात गोळे येऊ लागले, घाम सुटला, ताप आला, श्वास लागला किंवा लाली पसरत चालली तर डॉक्टरकडे जा. लहान मुलाला चावले असेल तर आधीच जा. कोळी मेलेला सापडला तर डबीत घालून न्या, जिवंत असेल तर मागे पळू नका, मोबाइलवर फोटो पुरतो.

मूळ लेख एवढाच व्हायचा होता. पण माझ्या मानेवरचा पट्टा अजून ओला असतानाच, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, समोरच्या घरात दुसरीच गोष्ट घडली आणि त्यानंतर मला कोळ्यांविषयी लिहिणे जरा पोरखेळासारखे वाटू लागले.

समोर नवी खोली बांधायची म्हणून विटांचा ढीग रचून ठेवला होता. तिथला सात वर्षांचा छोटू चेंडू काढायला विटांत हात घालून ओरडला. त्याच्या वडिलांनी टॉर्चने पाहिले तर लालसर तपकिरी विंचू. बोटाएवढा, फार मोठा नव्हे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. विंचूच आहे, साप नाही. आमच्या बुंदेलखंडात दगड आणि ऊन दोन्ही भरपूर, त्यामुळे विंचू कोणाला नवा नाही. छोटू दहा मिनिटे रडला आणि गप्प झाला. दुखणे कमी झाले म्हणून मोठी माणसे खूश झाली. अर्ध्या तासाने त्याला उलटी झाली. कोणी म्हणाले उकाड्याने झाली, कोणी म्हणाले घाबरला आहे. एक जण म्हणाला की स्टेशनच्या पलीकडे झाडफूक करणारे बाबा आहेत, विंचू चढला तर ते उतरवतात, मोटरसायकलवरून दहा मिनिटांत पोहोचू.

तोपर्यंत आजीने आत्याला हाक मारली होती. आत्याने विंचू बघितला नाही, डंखाची जागा बघितली नाही. तिने छोटूच्या तळपायाला हात लावला. बाहेर पावसानंतरची घुसमट, आम्ही सगळे घामाघूम, आणि त्या मुलाचे पाय थंडगार होते. शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला. ती एवढेच म्हणाली, "गाडी काढा. मेडिकल कॉलेज. आत्ता." मोटरसायकल नको, त्याला आडवा न्यायचा आहे, असेही बजावले. मी मागच्या सीटवर त्याचे पाय धरून बसलो होतो. सीपरीच्या पुलावर नेहमीसारखी गर्दी होती. त्या दहा-बारा मिनिटांइतकी लांब मिनिटे मी अजून अनुभवलेली नाहीत, आणि मी आमच्या शाळेची क्रॉस कंट्री तीन वेळा धावलो आहे.

तिथे डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छातीला स्टेथोस्कोप लावला, ईसीजी काढला आणि इतर उपचारांबरोबर एका छोट्या गोळीचा तुकडा दिला. दर तीन तासांनी नर्स येऊन पायाला हात लावून बघत होती. पहाटे पाय गरम झाले. तिसऱ्या दिवशी छोटू घरी आला.

परत येताना मी आत्याला विचारले, गोळी कसली होती? ती म्हणाली, "प्राझोसिन. ब्लड प्रेशरची गोळी आहे, मोठ्या माणसांना देतात." विंचू चावल्यावर ब्लड प्रेशरची गोळी कशी काय, हा माझा पुढचा प्रश्न. त्यावर तिने सांगितले की हे उत्तर आपल्या कोकणातल्या एका डॉक्टरने शोधून काढले आहे, तू मराठी आहेस ना, तुला त्यांचे नाव माहीत पाहिजे.

ते डॉक्टर म्हणजे हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकरी कुटुंबात जन्म. नागपूरला एमबीबीएस झाल्यावर 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. कोकणात लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, सरपणात, कौलांत, वहाणांत सापडतो. त्याच्या डंखाने धडधाकट माणसे आणि विशेषतः मुले एका रात्रीत दगावत होती. अंगात विष भिनलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जण जात. शहरातल्या मोठ्या पुस्तकांत यावर खात्रीचा उपचार लिहिलेला नव्हता.

बावस्करांनी काय केले, तर ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले. रात्रभर. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता यांची नोंद केली. त्यातून त्यांना एक क्रम दिसला. आधी उलटी आणि प्रचंड घाम, मग हातपाय गार, रक्तदाब खूप वाढलेला, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. रुग्ण गुदमरतो, तोंडातून गुलाबी फेस येतो, आणि तिथे खेळ संपतो. त्यांची ही निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका खेड्यातल्या सरकारी डॉक्टरची.

हे असे का होते तेही समजण्यासारखे आहे. आपल्या मज्जातंतूंत सोडियमचे छोटे दरवाजे असतात. ते क्षणभर उघडतात आणि बंद होतात, तेव्हा संदेश पुढे जातो. विंचवाचे विष हे दरवाजे नीट बंद होऊ देत नाही. मग मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात आणि शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. परेडवर अचानक आपले नाव पुकारले की छातीत धडधडते, हात गार पडतात, घाम फुटतो. त्याच गोष्टीची शेकडो पट कल्पना करा, आणि ती तासन्तास थांबतच नाही. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते, आणि शेवटी ते हरते.

म्हणजे रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदय वाचेल. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाइनमधून दिले. त्याने रुग्ण वाचले, पण ते थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. खेड्यात ती सोय कुठून आणणार? मग त्यांनी प्राझोसिनची गोळी वापरली. तीही रक्तवाहिन्या सैल करते, स्वस्त आहे, तोंडाने देता येते, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येते. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी एक मात्रा. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्याबरोबरचा प्राझोसिनवरचा त्यांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण पुढे 1 टक्क्याच्या आसपास उतरले. नंतर विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. तेव्हा आपलेच औषध श्रेष्ठ असे म्हणत न बसता या दोघांनी महाडला 70 रुग्णांवर रीतसर चाचणी केली. अर्ध्यांना फक्त प्राझोसिन, अर्ध्यांना लस आणि प्राझोसिन दोन्ही. फक्त गोळीवाल्यांना पूर्ण बरे व्हायला सरासरी जवळपास 18 तास लागले, दोन्ही मिळालेल्यांना 8. हा निष्कर्ष 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर त्या रात्री छोटूच्या पायाला हात लावून बघणारी नर्स हा त्यांचा त्याहून मोठा सन्मान होता, पण हे माझे मत झाले.

सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट आता सांगतो. विंचवाचा डंख भयंकर दुखत असेल, माणूस बोंबलत असेल, पण उलटी नाही, घाम नाही, हातपाय गरम आहेत, तर तो बहुधा बचावतो. दुखणे कमी आणि बाकीची लक्षणे दिसत आहेत, तो रुग्ण खरा धोक्यात असतो. एकनाथ महाराजांच्या भारुडामुळे आपल्या मनात विंचू म्हणजे ठणका असे पक्के बसले आहे. म्हणून छोटू रडायचा थांबला तेव्हा सगळे निर्धास्त झाले. अजून अर्धा तास निर्धास्त राहिलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो.

विंचवाच्या रंगरूपावरूनही थोडा अंदाज येतो. मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू दिसायला भयानक पण विषाने सौम्य. छोटा, लालसर, बारीक नांग्या आणि त्या मानाने जाड शेपूट असलेला जास्त घातक. पण अंदाजावर मुलाला घरी ठेवू नये. विंचू चावलेल्या प्रत्येक लहान मुलाला दवाखान्यात न्यावे, आणि मोठ्या माणसाला उलटी, घाम, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसले तर लगेच न्यावे. 108 ची रुग्णवाहिका उत्तर प्रदेशातही आहे आणि महाराष्ट्रातही. रुग्णाला आडवे ठेवा, चालवू नका. शुद्धीवर असेल आणि उलटी थांबलेली असेल तर थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस द्या. वाचून शहाणे होऊन प्राझोसिनची गोळी मात्र स्वतः देऊ नका. मात्रा वजनावरून ठरते आणि गोळीनंतर उठून उभे राहिले तर रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. सापाच्या विषावरची लस विंचवावर चालत नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते.

मण्यारीवरून आठवले. रात्री झोपेत काहीतरी चावले, जागा धड दिसत नाही, दुखतही नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले, तर तो कोळी किंवा किडा समजू नका. मण्यारीच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. असे झाले तर थेट मोठे रुग्णालय. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर मण्यार, विंचू, डास आणि मघाचा नारिंगी किडा हे चारही बाहेर राहतात. आपल्याकडे मच्छरदाणीची तपासणी होते तेव्हा आपण तोंडे वाकडी करतो, मीही करत होतो.

बूट झटकण्याबद्दलही तसेच. पीटीला उशीर झाला की आपण अंधारात पाय थेट बुटात घालतो. पावसाळ्यात आणि कॅम्पवर बूट उलटा करून दोनदा आपटायला तीन सेकंद लागतात. रात्रभर मोजे बुटात कोंबून ठेवणाऱ्यांनी मोजेसुद्धा झटकावेत.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी एक प्रयोग केला. विंचवाच्या कवचावर अतिनील प्रकाश पडला की ते निळसर हिरवे चमकते. सीपरी बाजारातल्या एका दुकानदाराकडून नोटा तपासायचा छोटा टॉर्च मागून आणला. आत्या, छोटूचे वडील आणि मी, तिघेही गमबूट घालून आणि लांब चिमटा घेऊन विटांच्या ढिगाकडे गेलो. छोटू खिडकीत बसून सूचना देत होता. पहिली दहा मिनिटे काहीच नाही. मग खालच्या थरात एक, नळाजवळच्या फरशीच्या फटीत दुसरा, आणि तिसरा आमच्याच दाराशी, आजीच्या चपलेपासून वीतभर अंतरावर. तिघांना बरणीत घालून दुसऱ्या सकाळी गावाबाहेर माळावर सोडले आणि विटा वीसेक फूट लांब, भिंतीपासून दूर रचल्या. आजी आता चप्पल आत ठेवते. इथे आल्यावर बायोलॉजीच्या सरांना मी हॉस्टेलच्या मागच्या लाकडांच्या ढिगाजवळ असाच एक फेरा मारण्याविषयी विचारले आहे. लाइट्स आउटनंतर बाहेर पडायचे असल्याने परवानगीचा अर्ज अजून हाउस मास्टरांच्या टेबलावर आहे.